‘नॉर्मल’ शिक्क्याखाली काय दडलंय? कारखान्यातली कानांची तपासणी नीट कशी करायची

प्रेस शॉपमध्ये सुपरवायझरने ओरडून सांगितलं, "साठ नग काढ." ऑपरेटरने मान डोलावली, आठ नग काढले आणि मशीन बंद करून पुढचा डाय लावायला घेतला. दोघांची चांगलीच जुंपली. एक म्हणतो मी साठ सांगितले, दुसरा देवाशपथ आठच ऐकले म्हणतो. दोघंही खरं बोलत होते.

मी तेव्हा तिथे सेफ्टी ऑफिसर होतो. त्या ऑपरेटरची आरोग्याची फाइल मागवली. सलग तीन वर्षं ऑडिओमेट्री (यंत्राने केलेली ऐकण्याची तपासणी) झालेली आणि तिन्ही रिपोर्टांखाली एकच शिक्का: ‘हिअरिंग नॉर्मल’. मग तिन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी मांडले. हर्ट्झ म्हणजे सुराची पट्टी (फ्रिक्वेन्सी), आणि तो सूर ऐकू यायला किती मोठा करावा लागला ते डेसिबलमध्ये; आकडा वाढला की ऐकणं घटलं. ४००० हर्ट्झच्या रेघेवर पहिल्या वर्षी २० डेसिबल, दुसऱ्या वर्षी ३५, तिसऱ्या वर्षी ५०. ‘स’चा आवाज या वरच्या पट्टीत असतो. ती पट्टी गेली की ‘साठ’मधला ‘स’ गळतो आणि ‘आठ’ उरतो.

शिक्का मारणाऱ्याने खोटेपणा केला नव्हता. ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीन आकड्यांची सरासरी काढायची आणि ती २५ च्या आत असेल तर नॉर्मल लिहायचं, अशी त्याची रीत. माणसाला शांत खोलीत बोलणं समजतं का, एवढं त्या सरासरीवरून कळतं. आवाजाने होणारं नुकसान मात्र आधी ३००० ते ६००० च्या टापूत सुरू होतं, आणि तिकडे ती सरासरी बघतच नाही. त्या तीन कागदांनी मला धडा दिला: एका वर्षाचा आलेख एकटा फारसं काही सांगत नाही, त्याच माणसाच्या जुन्या आलेखाशेजारी ठेवला की बोलायला लागतो. पुढची सगळी खटपट हे दोन कागद विश्वासाने शेजारी ठेवता यावेत, यासाठी आहे.

आधी आवाज मोजा, मग माणसं निवडा

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. तपासणीची व्हॅन येते, एचआरची यादी असते, ऑफिसातले अकाउंटंटसुद्धा हेडफोन लावून बसतात आणि फेटलिंगमधली (ओतीव माल घासून साफ करतात तिथली) ठेकेदाराची पोरं यादीतच नसतात.

ढोबळ खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे साधारण ८५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये, फोर्जिंगच्या हॅमरजवळ, फाउंड्रीच्या फेटलिंगमध्ये, हवेच्या गनने चिप्स उडवताना ही खूण क्षणात पटते. खुणेवर यादी करता येत नाही. साउंड लेव्हल मीटर घ्या, तो ‘ए’ वेटिंग (माणसाच्या कानासारखं मोजणारी सेटिंग) आणि ‘स्लो’वर ठेवा, कामगाराच्या कानाच्या उंचीवर धरा आणि प्रत्येक कामाच्या जागेचं माप घ्या. फोनमधली अ‍ॅप अंदाजापुरती ठीक, कागदावर लिहायला नाही. जो माणूस दिवसभरात चार ठिकाणी फिरतो, मेंटेनन्सचा फिटर किंवा फोर्कलिफ्टवाला, त्याच्या खांद्यावर डोसिमीटर लावा; पूर्ण पाळीचा हिशोब ते यंत्र स्वतः ठेवतं.

आपल्याकडच्या कारखाने नियमांतली मर्यादा ९० डेसिबलला ८ तास अशी आहे. पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मी होते: ९५ ला ४ तास, १०० ला २, १०५ ला १, ११० ला अर्धा आणि ११५ ला पाव तास. मधले टप्पेही दिलेले आहेत, ९२ ला ६ तास आणि ९७ ला ३. हिशोब अपूर्णांकांच्या बेरजेने होतो. समजा एक जण ९७ डेसिबलच्या ग्राइंडरवर ३ तास आणि ९५ च्या प्रेसजवळ २ तास असतो. ३ भागिले ३ म्हणजे १, आणि २ भागिले ४ म्हणजे अर्धा. बेरीज दीड. एकच्या पुढे गेली की मर्यादा ओलांडली, मग उरलेला दिवस तो पॅकिंगमध्ये शांत बसला तरी.

माझं मत विचाराल तर यादी ९० वर आखू नका, ८५ वर आखा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत कानांच्या तपासणीचा कार्यक्रम ८५ पासून लागतो, ब्रिटनमध्येही ८५ हा वरचा कृती-टप्पा आहे, म्हणजे तिथून मालकाला पावलं उचलावीच लागतात. ९० ला ८ तास बसलेल्या माणसाचे कान सुरक्षित असतात असं कोणताही कानाचा डॉक्टर म्हणणार नाही.

यादीत कंत्राटी कामगार हवेतच. कारखाने अधिनियमात ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत आलेला माणूस धरलेला होता. "तो आमच्या रोलवर नाही" हे उत्तर इन्स्पेक्टरसमोर चालत नाही.

कायद्यापुरतं थोडक्यात

जास्त आवाजाच्या कामांसाठी केंद्राच्या नमुना नियमांत, आणि त्यावर बेतलेल्या राज्यांच्या नियमांत, कामगाराची श्रवण तपासणी कामावर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि पुढे दर १२ महिन्यांतून किमान एकदा करायला सांगितलं आहे. १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झला ऐकण्याची पातळी काढायची. तपासणी सर्टिफाइंग सर्जनच्या (कारखान्यांसाठी सरकारने नेमलेल्या डॉक्टरच्या) अखत्यारीत येते. खर्च कारखान्याचा, कामगाराच्या पगारातून एक पैसा कापायचा नाही.

आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. म्हणजे तो कळवण्याजोगा व्यवसायजन्य रोग. त्यातल्या कलम ८९ प्रमाणे व्यवस्थापकाने तो कळवायचा आणि तपासणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचा, असं होतं. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात आणि राज्य विमा (ईएसआय) कायद्यातही तो भरपाईयोग्य रोगांत धरलेला होता. ज्याला ईएसआय लागू आहे त्याने दावा ईएसआयकडेच करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेतही हा रोग कळवण्याच्या यादीत कायम आहे. फॉर्मचे नंबर आणि कलमं बदलत राहतील, त्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयाला विचारत जा.

दिवस आणि वेळ

चुकीचे निकाल येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

ढोल-ताशाच्या मिरवणुकीतून घरी आल्यावर कानात दडे बसतात, बोललेलं लांबून आल्यासारखं वाटतं, कानात बारीक ‘किर्र’ वाजत राहतं. सकाळी उठलं की बरंच कमी झालेलं असतं. आवाजाच्या पाळीनंतर कामगारांच्या कानांचं रोज हेच होतं. दडे बसलेल्या अवस्थेत तपासणी केली तर आलेख खऱ्यापेक्षा वाईट येतो. नव्या माणसाचा पहिलाच आलेख असा वाईट निघाला तर घोळ आणखी वाढतो, कारण पुढच्या वर्षीची खरी घसरण त्या फुगलेल्या आकड्याखाली लपून जाते.

म्हणून तपासणीआधी किमान १४ तास, जमल्यास १६, कान शांततेत असले पाहिजेत. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथे शुक्रवारी सकाळी, पाळीवर जाण्याआधी तपासणी ठेवा. इतरत्र आपापल्या सुट्टीचा दुसरा दिवस धरा. रात्रपाळी संपवून आलेल्याला "जाता जाता टेस्ट देऊन जा" म्हणणं बंद करा. नियम सगळ्यांना ठाऊक असतो, तरी ही एक चूक जवळजवळ प्रत्येक कारखान्यात होते, कारण तेवढ्यासाठी माणसाला परत बोलावायचं कुणाच्या जिवावर येतं.

पुण्यातल्यांसाठी खास सूचना: गणपतीच्या आधीचे दोन महिने तपासणी ठेवू नका. अर्धी पोरं ढोलपथकात असतात आणि नदीकाठी रोज संध्याकाळी सराव चालतो. दिवाळीतल्या फटाक्यांचा आठवडाही टाळा. ऐन पावसाळ्यात सर्दीने नाक चोंदलेले लोक जास्त असतात, त्यांचे मधले कान भरलेले असतात. माझ्या अनुभवात जानेवारी-फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा.

जागा

एके वर्षी तपासणी मीटिंग रूममध्ये ठेवली होती. काचेचं दार, गालिचा, बाहेर पाटी ‘शांतता राखा’. निकाल आले तेव्हा ऐंशी टक्के लोकांचे २५० आणि ५०० हर्ट्झचे आकडे ३० ते ३५. एकाच वर्षात अख्ख्या कारखान्याचे कान खालच्या पट्टीत बिघडले? भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होता आणि डोक्यावर एसी घुमत होता. त्या घुमण्याखाली बारीक सूर दबत होते. सगळी तपासणी परत करावी लागली, आणि तो खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा यावर महिनाभर मेल चालू होते.

एवढं लक्षात ठेवा: खालच्या फ्रिक्वेन्सी सगळ्यांच्याच वाईट आल्या तर दोष खोलीचा, कानांचा नाही.

साउंडप्रूफ बूथ हाच खरा उपाय, मग तो कारखान्यातला असो वा व्हॅनमधला. बूथच्या आतला आवाज ऑक्टेव्ह बँडने, म्हणजे प्रत्येक पट्टीचा वेगळा, मोजून घ्या. अमेरिकेच्या नियमांत ५०० आणि १००० हर्ट्झला ४० डेसिबल, २००० ला ४७, ४००० ला ५७ आणि ८००० ला ६२ ही कमाल मर्यादा दिली आहे. ती बरीच सैल आहे, तीही पाळता येत नसेल तर त्या जागी टेस्ट घेऊच नका. व्हॅन असेल तर ती डीजी सेटपासून (जनरेटरपासून) आणि माल उतरवायच्या धक्क्यापासून लांब लावा, आणि तिचं स्वतःचं इंजिन बंद ठेवा. हे सांगावं लागतं, हे आश्चर्य आहे.

यंत्र, माणूस आणि वेळेचं गणित

ऑडिओमीटरचं, म्हणजे तपासणीच्या यंत्राचं, कॅलिब्रेशन (मापं बरोबर आहेत का याची पडताळणी) वर्षातून एकदा हवं. प्रमाणपत्रावर हेडफोनचा नंबरसुद्धा तपासा. कॅलिब्रेशन यंत्र आणि हेडफोन या जोडीचं असतं. हेडफोन बदलला की ते प्रमाणपत्र रद्दी. शिवाय रोज सकाळी, पहिला कामगार बसायच्या आधी, ज्याची पातळी आपल्याला पक्की माहीत आहे अशा एखाद्या ठणठणीत कानाच्या माणसाची टेस्ट घ्यायची. आमच्याकडे ती पाळी स्टोअरमधल्या मावशींची असायची. त्यांच्या आकड्यांत १० डेसिबल किंवा जास्त फरक आला की यंत्राकडे संशयाने बघायचं, वायर आणि प्लग तपासायचे, आणि गरज पडली तर त्या दिवशी काम थांबवायचं.

तपासणारा ऑडिओलॉजिस्ट असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा नंबर मागून घ्या. प्रशिक्षित तंत्रज्ञही चालतो, पण आलेखांवर नजर टाकणारा डॉक्टर हवा. कारखान्याच्या डॉक्टरने औद्योगिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं असेल तर उत्तम. हे कुठून मिळणार असा प्रश्न असेल तर मुंबईत दोन पत्ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आवाज मोजण्याच्या आणि प्रशिक्षणाच्या बाबतीत शीवची केंद्रीय श्रम संस्था, आणि श्रवणाच्या बाबतीत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था.

एजन्सीचं कोटेशन आलं की मी एकच गणित करतो. दोन्ही कान, आठ-नऊ फ्रिक्वेन्सी, सूचना आणि कानात डोकावणं धरून एका माणसाला १२ ते १५ मिनिटं लागतात. एका यंत्रावर आठ तासांत ३० ते ४० माणसं. "दिवसाला दीडशे करून देतो" असं कोणी म्हणाला तर तो तपासणी करत नाही, कागद भरतो. त्या कागदांची एक खूण असते: सगळ्यांचे आकडे १५-२०-२०-१५, उजवा-डावा सारखा, पन्नाशीच्या माणसाचाही तसाच आणि विशीच्या पोराचाही तसाच.

बूथमध्ये जाण्याआधी

इतिहास नीट विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. आधी कुठे कुठे काम केलं, किती वर्षं? लहानपणी कान वाहायचा का? डोक्याला मार, कानाचं ऑपरेशन? टीबीसाठी इंजेक्शनं घेतली होती का? स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिनसारखी औषधं आतल्या कानाला बाधतात. कामात थिनर, टोल्युइन, स्टायरिन येतं का? आवाजाबरोबर ही रसायनंही नाकात जात असतील तर धोका वाढतो, त्यामुळे पेंट शॉपवाले यादीतून सुटू देऊ नका. पथक, बँड, डीजे, इअरफोन, शेतात रानडुकरं हाकायला वाजवलेले बार, सगळं विचारा. कानात सतत किर्र वाजतं का, हा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो. कामगार आपणहून सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांचंच वाजतं.

मग ऑटोस्कोपने कानात बघायचं. मळाने कान बुजला असेल, पडद्याला भोक असेल किंवा पू असेल तर त्या दिवशी टेस्ट नको. मळ डॉक्टरकडून काढून घ्यायचा आणि मग परत यायचं. किल्ली, काडी, सेफ्टी पिन, गरम तेल ही घरगुती शस्त्रं किती जणांच्या खिशात असतात, ते विचारू नका.

चष्मा, टोपी, भिकबाळी, कुड्या, केसांची क्लिप काढायला लावा. तोंडात तंबाखू किंवा सुपारी असेल तर थुंकून यायला सांगा. चघळण्याचा आवाज जबड्यातून थेट कानात पोचतो. मोबाइल बाहेर. हेडफोन तपासणाऱ्यानेच लावायचा: लाल उजव्या कानावर, निळा डाव्यावर, आणि त्याचं तोंड कानाच्या भोकावर बरोबर यायला हवं.

सूचना माणसाच्या भाषेत द्या. चाकणला निम्मे लोक बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे असतात, त्यांना हिंदीत सांगा. मी असं सांगायचो: "कानात बारीक टीं-टीं येईल. मोठी येईल, मग लहान होत होत जवळजवळ नाहीशी होईल. आल्यासारखी वाटली तरी बटण दाबायचं. चुकलं तर काही होत नाही, ही परीक्षा नाही, पास-नापास नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. घाबरलेला माणूस खात्री झाल्याशिवाय बटण दाबत नाही आणि आलेख १० डेसिबलने बिघडवतो.

प्रत्यक्ष टेस्ट

माणसाला असं बसवा की त्याला तपासणाऱ्याचे हात दिसणार नाहीत. जो कान बरा वाटतो त्याने सुरुवात. १००० हर्ट्झ, ४० डेसिबल. ऐकू आलं की १० ने खाली, पुन्हा ऐकू आलं की पुन्हा १० ने खाली. ऐकू येईनासं झालं की ५-५ ने वर चढायचं. पुन्हा ऐकू आलं की १० खाली, परत ५ ने वर. वर चढताना तीनपैकी दोनदा ज्या सगळ्यात खालच्या आकड्यावर बटण दाबलं गेलं, तीच त्या फ्रिक्वेन्सीची पातळी.

सूर एक-दोन सेकंदांचा असावा आणि मधलं अंतर कमी-जास्त करत राहावं. तालात दिलं की माणूस तालावरच बटण दाबायला लागतो. ढोलपथकातला असेल तर विचारूच नका. १००० नंतर २०००, ३०००, ४०००, ६०००, ८०००, मग पुन्हा एकदा १०००. पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या आकड्यात ५ पेक्षा जास्त फरक आला तर माणसाला समजलेलं नाही किंवा तो थकलाय. सूचना परत द्या, पहिल्यापासून घ्या. मग ५००, २५०, १२५.

नियमांच्या यादीत ३००० आणि ६००० नाहीत, तरी मी त्या घ्यायला लावतो. आवाजाचा खड्डा कधी ३००० वर, कधी ६००० वर पडतो. फक्त ४००० बघितलं तर तो निसटतो. दोन जास्तीच्या फ्रिक्वेन्सीला माणसामागे दोन मिनिटं जातात.

आलेख वाचणं

आलेखात आडवी रेघ फ्रिक्वेन्सीची आणि उभी डेसिबलची, वरून खाली वाढत जाणारी. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खूण जितकी खाली, तितका सूर मोठा द्यावा लागला. आवाजाने बिघडलेल्या कानाची रेघ डावीकडून सरळ येते, ३००० ते ६००० मध्ये खड्ड्यात उतरते आणि ८००० ला थोडी वर येते. म्हातारपणाच्या बहिरेपणात ती ८००० पर्यंत उतरतच जाते. खूप वर्षं झाली की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि खड्ड्याची उजवी कड बुजते, म्हणून पहिल्या पाच-दहा वर्षांतले आलेख अनमोल असतात.

शिक्का बाजूला ठेवा आणि पहिला आलेख म्हणजे बेसलाइन शेजारी घ्या. अमेरिकेच्या नियमातली रीत सोपी आहे: एकाच कानाच्या २०००, ३००० आणि ४००० मधल्या घसरणीची सरासरी काढायची. उजव्या कानाची बेसलाइन १०, १५, २० होती, यंदा १५, २५, ४० आली. घसरण ५, १०, २०. बेरीज ३५, सरासरी जवळपास १२. ती १० किंवा जास्त असेल तर ‘लक्षणीय घसरण’ धरायची. त्या माणसाची ५००-१०००-२००० ची सरासरी अजून २० च्या आतच असू शकते. शिक्का ‘नॉर्मल’च पडतो. अमेरिकेच्याच व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस याहून कडक आहे: कोणत्याही एका फ्रिक्वेन्सीला १५ ची घसरण दिसली तरी लक्ष द्यायचं. मी दोन्ही चाळण्या लावतो.

दोन वर्षांचे आलेख उलटसुलट दिसले, म्हणजे उजव्याचे आकडे डाव्यात आणि डाव्याचे उजव्यात, तर आधी हेडफोन उलटा लागला असेल अशी शंका घ्या. समोर बसून हळू आवाजात आरामात गप्पा मारणाऱ्याचा आलेख सगळीकडे ७० दाखवत असेल तर तोही परत घ्या.

काही आलेख कारखान्याच्या हातात ठेवायचेच नाहीत, सरळ कानाच्या डॉक्टरकडे पाठवायचे: एका कानात दुसऱ्यापेक्षा ठळक जास्त बहिरेपणा, कान वाहणं, चक्कर, फक्त एकाच कानात वाजणं. आणि एक गोष्ट वार्षिक तपासणीची वाट बघत नाही. एका रात्रीत एक कान बंद पडला असं कोणी सांगितलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तिथे उपचाराला आठवडे उशीर झाला तर हाती फारसं लागत नाही.

घसरण सापडली. आता?

महिन्याच्या आत, पुन्हा १४ तासांच्या शांततेनंतर, दुसरी टेस्ट. अर्ध्या लोकांची घसरण सर्दी किंवा दडे निघते आणि गायब होते. जी टिकते ती त्या माणसाला लेखी आणि तोंडी, त्याच्या भाषेत सांगायची. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, गेलेल्या परत उगवत नाहीत, औषधाने येत नाहीत. हे सांगताना दोन आलेख त्याच्या समोर ठेवा. मी साठ-आठवाल्या ऑपरेटरला तेच दाखवलं होतं. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "म्हणून बायको म्हणते टीव्ही किती मोठा करता."

मग शॉप फ्लोअरवर जायचं. घसरण झालेली माणसं नकाशावर टिंबांनी मांडा. टिंबं एकाच मशीनभोवती जमली तर कानांचं काम तिथे सुरू होतं. न्यूमॅटिक व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टला सायलेन्सर नसणं, हवेच्या गनला उघडी नळी, पत्रा सैल होऊन थरथरणं, तयार माल लोखंडी बिनमध्ये उंचावरून पडणं ही नेहमीची गिऱ्हाइकं. बिनच्या तळाला जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा टाकायला खर्च जवळजवळ शून्य.

इअरप्लगच्या पाकिटावर एनआरआर (प्लग किती आवाज अडवतो त्याचा आकडा) २९ लिहिलं असेल तर २९ डेसिबल कमी होतात असं मानू नका. सावध हिशोब असा: त्यातून ७ वजा करा आणि निम्मे करा, म्हणजे ११. १०० च्या जागी कानात ८९ पोचतात. तेही प्लग नीट बसला असेल तर. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळायचा, दुसऱ्या बाजूचा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. समोरून बघितल्यावर प्लग अर्धा बाहेर दिसत असेल तर तो दागिना आहे.

माणसाला ‘अनफिट’ लिहून घरी बसवणं हा उपाय नव्हे. एकदा असं झालं की पुढच्या वर्षी शंभर टक्के लोक नीट ऐकू येत असल्याचं नाटक करतात, सुराचा अंदाज बांधून बटण दाबतात, आणि तुमचे आलेख कायमचे खोटे होतात. जागा बदलायची असेल तर पगार आणि ग्रेड तीच ठेवून बदला, आणि ते आधी जाहीर करा. आजाराचं निदान पक्कं झालं तर कायद्याप्रमाणे कळवायचं, ईएसआयचे कागद करून द्यायचे. कळवल्याने कारखाना बदनाम होतो ही भीती मी खूप मालकांच्या तोंडून ऐकली आहे. न कळवलेलं प्रकरण पाच वर्षांनी वकिलाच्या हातून येतं तेव्हा जास्त महाग पडतं.

कागद

आलेख आकड्यांसकट ठेवा, नुसता शेरा नको. प्रत्येकावर तारीख, वेळ, शेवटच्या पाळीनंतर किती तास झाले, यंत्राचा आणि हेडफोनचा नंबर, तपासणाऱ्याचं नाव. बेसलाइनची प्रत फाइलच्या सगळ्यात वर, वेगळ्या रंगाच्या कागदावर. एजन्सी बदलली तरी जुने आलेख तिच्याकडे अडकू देऊ नका. करारातच लिहा की मूळ नोंदी कारखान्याच्या. सुपरवायझरला फक्त ‘प्लग सक्तीचा’ किंवा ‘जागा बदल’ एवढंच कळवा, आकडे डॉक्टर आणि कामगार यांच्यात राहू द्या.

नोकरी सोडून जाणाऱ्याला त्याच्या सगळ्या आलेखांची झेरॉक्स द्या, ठेकेदाराच्या पोरांना तर आठवणीने. ती पोरं सहा महिन्यांनी दुसऱ्या एमआयडीसीत दुसऱ्या हॅमरसमोर उभी असतात, आणि तिथल्या बूथमध्ये बसताना त्यांच्याकडे शेजारी ठेवायला दुसरा कागद नसतो.